आहार, तप आणि मनाची प्रसन्नता

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘जसे अन्न तसे मन’ हे वचन घराघरांत ऐकू येते. आजी ते स्वयंपाकघरात सुनेला सांगते, पाठशाळेत गुरुजी मुलांना सांगतात आणि चातुर्मासात महाराजसाहेब व्याख्यानातून श्रावकांना सांगतात. गेल्या काही वर्षांत आधुनिक वैद्यकानेही या वचनाची आपल्या पद्धतीने पारख केली आहे. त्या पारखेतून जे निष्पन्न झाले ते आनंद देणारे आहे, तसेच सावध करणारेही आहे. योग्य आहाराने मनाला बळ मिळते, याला आता पुरावे आहेत. शाकाहारी ताटात दोन-चार ठराविक उणिवा राहतात आणि त्या कित्येकदा उदासीचे रूप घेऊन प्रकट होतात, हेही सिद्ध झाले आहे. त्याचबरोबर नैराश्य हा एक आजार असून त्यात आहार हा उपचाराचा सोबती आहे, उपचाराचा पर्याय नाही, हेही तितकेच स्पष्ट झाले आहे. या तिन्ही गोष्टींचा विचार श्रावकाच्या घरातील नियम आणि डहाणूच्या बाजारात मिळणारे जिन्नस डोळ्यांसमोर ठेवून करावयाचा आहे.

उदासी आणि नैराश्य

प्रथम शब्दांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. दुःख होणे हा आजार नव्हे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांना भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरात ते वारंवार जाणवत होते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. ऐन थंडीत माणसे लहान मुलांना घेऊन तंबूंत आणि उघड्यावर निजली. त्या दिवसांत झोप उडणे, भूक मंदावणे, भांडे वाजले तरी छातीत धस्स होणे हे सर्व स्वाभाविक होते. अशी भीती किंवा असा शोक काळाबरोबर, आप्तांच्या सोबतीने बहुधा ओसरतो.

नैराश्याचा आजार याहून निराळा आहे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ दररोज आणि दिवसाचा बराचसा भाग मन खिन्न राहणे, किंवा ज्या गोष्टींत पूर्वी रस वाटे त्यांतील रस नाहीसा होणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय. त्यासोबत झोप बिघडते, भूक कमी होते किंवा अकारण वाढते, अंगात त्राण राहत नाही, हिशेबात वारंवार चुका होतात, स्वतःविषयी अपराधी भाव दाटतो आणि जगणे व्यर्थ वाटू लागते. हा आजार दुर्मीळ नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. तलासरीच्या सीमेपलीकडचे गुजरात राज्यही त्यात होते. साधारण २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने ग्रासलेले असते, असे त्यातून दिसले. या हिशेबाने आज या सभागृहातही असे काही चेहरे असणार. ते ओळखू येत नाहीत, कारण त्यांच्यापैकी बहुतेक जण सकाळी वेळेवर दुकान उघडतात आणि गिऱ्हाइकाशी हसून बोलतात.

संशोधनाने काय दाखविले

आहार बदलल्याने नैराश्य कमी होते काय, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातील संशोधक फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या आणि आहार निकृष्ट असलेल्या ६७ व्यक्तींचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ केवळ सोबत आणि गप्पागोष्टी मिळाल्या. बहुतेकांचे नेहमीचे औषधोपचार अथवा समुपदेशन चालूच होते. १२ आठवड्यांनंतर आहार सुधारलेल्या गटातील ३२ टक्के व्यक्तींची लक्षणे आजाराच्या मर्यादेखाली आली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते.

हा प्रयोग लहान होता आणि आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागी व्यक्तींना ठाऊक होते, म्हणून त्यावरून फार मोठा दावा करता येत नाही. त्या आहारात मासे आणि थोडे मांसही होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्याचा मुख्य भर अखंड धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेल यांवर होता. मिठाई, तळण, मैद्याचे पदार्थ आणि गोड पेये त्यातून कमी केलेली होती. या यादीतील बहुतांश जिन्नस श्रावकाच्या घरी परके नाहीत.

याच्या जोडीला दुसरा एक प्रयोग ध्यानात ठेवावा. युरोपातील ४ देशांत नैराश्याचा धोका असलेल्या, पण प्रत्यक्ष आजार नसलेल्या १,०२५ वजनदार प्रौढांवर तो झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या लोकांना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची पूरके देण्यात आली. नैराश्य टाळण्यात त्यांचा काहीही उपयोग दिसला नाही. म्हणजे चौरस आहार निराळा आणि औषधाच्या दुकानातून सरसकट आणलेल्या पौष्टिक गोळ्या निराळ्या. जेथे उणीव तपासणीत सिद्ध झाली आहे, तेथेच गोळीला अर्थ आहे.

केळे किंवा चॉकलेट खाल्ल्याने मेंदूत ‘आनंदाचे रसायन’ वाढते, असे वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. हे रसायन म्हणजे सेरोटोनिन. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते आणि तेथून ते मेंदूत शिरू शकत नाही. केळ्यातील सेरोटोनिनही मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मेंदू ते स्वतः तयार करतो आणि त्यासाठी लागणारे ट्रिप्टोफॅन नावाचे द्रव्य डाळी, दूध, तीळ यांसारख्या प्रथिनयुक्त अन्नातून मिळते. म्हणून एखाद्या जादुई फळाच्या मागे न लागता रोजचे जेवण पुरेशा प्रथिनांचे आहे की नाही, हे पाहणे अधिक हिताचे.

जेवणाच्या वेळेविषयीचा एक प्रयोग तर श्रावकांना विशेष वाटेल. अमेरिकेतील संशोधकांनी १९ व्यक्तींना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखे जीवन जगावयास लावले. त्यांतील काही जण रात्रीही जेवत होते, तर काही केवळ दिवसा. रात्री जेवणाऱ्यांमध्ये खिन्नतेचे प्रमाण २६ टक्क्यांनी वाढले. केवळ दिवसा जेवणाऱ्यांमध्ये ते वाढले नाही. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९ ही संख्या अल्प आहे आणि रात्रपाळीचे जीवन हे सर्वांचे जीवन नव्हे. तरीही सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम शरीराच्या घड्याळाशी जुळणारा आहे, असे मानण्यास आधार मिळतो. चौविहार हे कर्मनिर्जरेसाठी आहे, प्रकृतीसाठी नाही, हे खरे. परंतु त्याचा लाभ प्रकृतीलाही होत असेल तर तो वरकड लाभ समजावा.

पुण्यातील ४४१ पुरुषांची गोष्ट

आता उणिवांकडे वळू. सर्वांत महत्त्वाची उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची आहे आणि तिचा हिशेब महाराष्ट्रातच झालेला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील, शहरी झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताची तपासणी केली. हे सर्व जण वरवर निरोगी होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. मांसाहार वारंवार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी व्यक्तींमध्ये या कमतरतेचा धोका ४.४ पट होता. खाऊनपिऊन सुखी घरांतच ही उणीव सर्वाधिक असावी, हे पाहून कोणीही विचारात पडेल.

ब-१२ हे धान्यात, डाळीत, भाजीत किंवा फळात नसते. शाकाहारी ताटात ते केवळ दूध, दही, ताक, पनीर यांतून येते आणि तेही मर्यादित. प्रौढ व्यक्तीला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ लागते; एक पेला दुधाने त्याचा निम्मा भागही कसाबसा भरतो. चहात पडणारे दूध या हिशेबात धरण्यासारखे नाही. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा असतो व तो काही वर्षे पुरतो. त्यामुळे भांडवल हळूहळू संपत असूनही दुकान चालू आहे असे वाटत राहावे, तसा हा प्रकार होतो. साठा संपत आला की तळपायांना मुंग्या येतात, जीभ लाल होऊन चुरचुरते, थकवा जात नाही, विसराळूपणा वाढतो, चिडचिड होते आणि मन उतरते. वयोवृद्ध माणसाबाबत घरातील मंडळी म्हणतात, ‘आता वय झाले.’ सुनेबाबत म्हणतात, ‘तिचा स्वभावच तसा आहे.’ रक्ताची साधी तपासणी मात्र कोणी करून घेत नाही.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण या औषधांमुळे ब-१२ शरीरात कमी शोषले जाते. बैठ्या व्यापारी वर्गात हे दोन्ही विकार किती आहेत, हे सांगावयास नको. कमतरता आढळल्यास डॉक्टर गोळ्या अथवा इंजेक्शने देतात. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्ताचा अहवाल सुधारल्यासारखा दिसतो आणि ब-१२ अभावी नसांची हानी आतून चालूच राहते.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. त्यामुळे कित्येक श्रावक औषध घरी आणतात, आवरण पाहतात आणि न सांगता बाजूला ठेवतात. तसे करण्याऐवजी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ब-१२ हे साध्या गोळीच्या स्वरूपात मिळते आणि ते जिवाणूंच्या साहाय्याने तयार केले जाते. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनते. ज्यांना ते नको असेल त्यांना दगडफुलापासून बनविलेले ड-३ किंवा ड-२ मिळू शकते. नियम पाळून उपचार घेता येतात. मात्र तोंड उघडून विचारले पाहिजे.

अन्य तीन उणिवा

दुसरी उणीव लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाचा थकवा आणि नैराश्याचा थकवा वरून सारखाच दिसतो. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातील लोह शोषू देत नाही; त्याउलट डाळीवर पिळलेले लिंबू त्यास मदत करते. एवढा एक बदल, चहा तासभर पुढे ढकलण्याचा, फुकटात होण्यासारखा आहे.

तिसरी उणीव ड जीवनसत्त्वाची. समुद्रकिनारी राहूनही माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानाच्या छपराखाली आणि स्त्रिया घरात राहतात, त्यामुळे ऊन अंगाला लागत नाही. मंदिरात पायी जाणे-येणे आणि किनाऱ्यावर किंवा वाडीत अर्धा तास चालणे यातून ऊन आणि व्यायाम दोन्ही साधतात. सौम्य नैराश्यात नियमित व्यायामाचा लाभ होतो, हे अनेक प्रयोगांनी दाखविले आहे.

चौथी उणीव ओमेगा-३ या स्निग्ध द्रव्याची. ते प्रामुख्याने माशांत असते. वनस्पतींत जवस आणि अक्रोड यांत त्याचा एक प्रकार असतो. शरीर त्याचे मेंदूला उपयुक्त रूप थोड्याच प्रमाणात तयार करू शकते. तरीही जवसाची चटणी आणि दोन अक्रोड यांचे मोल कमी नाही. ज्यांना डॉक्टर याचे पूरक सुचवतील, त्यांच्यासाठी समुद्री शैवालापासून काढलेले तेल उपलब्ध आहे.

डहाणूच्या बाजारातील ताट

हे सर्व ऐकून कोणास वाटेल की, आता परदेशी बिया आणि महागडी तेले आणावी लागतील. तसे काही नाही. डहाणू आणि तलासरीच्या बाजारात जे मिळते त्यातूनच चांगले ताट मांडता येते.

धान्यांत नाचणीला अग्रस्थान द्यावे. या भागातील आदिवासी बांधव तिला नागली म्हणतात आणि तिची भाकर व आंबील पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तंतूही भरपूर असतात. ज्या घरी पिठाच्या काळमर्यादेचा नियम पाळला जातो तेथे पीठ आपोआप ताजे आणि कोंड्यासह असते. हा नियम येथे उपकारकच ठरतो. मैद्याचा खाखरा आणि गव्हाचा किंवा नाचणीचा खाखरा यांत दिसण्यात फरक थोडा आहे, पण पोषणात फार आहे.

डाळी आणि कडधान्ये हा श्रावकाच्या प्रथिनांचा आधार होय. मूग, तूर, चवळी, वाल, मटकी, चणे यांपैकी काही ना काही दोन्ही जेवणांत असावे. मोड आणणे ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी भिजवून, शिजवून खावे. द्विदलाचा दोष टाळण्यासाठी कच्च्या दह्याबरोबर डाळ घेतली जात नाही. पण दही गरम करून केलेली कढी आणि मुगाची खिचडी यांचा मेळ नियमातही बसतो आणि पोषणातही. ताजे विरजलेले दही आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंना पोषक असते. आतडी आणि मन यांचा संबंध आहे, इतके आता मान्य झाले आहे. त्याचे तपशील अद्याप अभ्यासाधीन आहेत.

भाज्यांच्या बाबतीत वर्षाचे दोन भाग पडतात. कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुन चौमासीपर्यंत मेथी, पालक, माठ, शेवग्याची पाने अशा पालेभाज्या, तसेच तीळ, खजूर आणि सुकामेवा मोकळेपणाने घेता येतो. या चार महिन्यांचा पुरेपूर उपयोग करावा, कारण पालेभाज्यांतील फोलेट मेंदूच्या कार्याला आवश्यक असते. त्यानंतर अनेक घरांत हे जिन्नस वर्ज्य होतात. त्या काळात फोलेटची भरपाई मूग, चवळी, चणे यांतून चांगली होते. भेंडी, दुधी, दोडका, कोबी या भाज्या असतातच. आपापल्या परंपरेनुसार बदाम त्याच दिवशी फोडून घेता येतात. कांदा, लसूण, बटाटा सोडल्याने पोषणाचे काही अडते, असे मुळीच नाही. अडचण होते ती त्यांच्या जागी शेव, गाठिया, पापडी आणि मिठाई आल्यावर. कंदमूळ सुटले आणि तळण वाढले, तर नियम पाळला गेला, पण ताट मात्र गरीब झाले.

फळांत डहाणू-घोलवडचा चिकू हे या भूमीचे भूषण आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. त्यात तंतू भरपूर असतात आणि त्याची गोडी बर्फीपेक्षा केव्हाही हितकारक. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र प्रमाण सांभाळावे. घोलवडची लिची, पेरू, केळी, नारळ ही फळेही येथे सहज मिळतात. चिकू खाल्ल्याने नैराश्य जाते, असे कोणी म्हणू नये. पण दुपारी चारच्या चहा-फरसाणाच्या जागी दोन चिकू आणि मूठभर भाजलेले चणे आले, तर संध्याकाळचा शिणवटा बराच हलका होतो.

व्यापाऱ्याची दिनचर्या येथे तपासून पाहावी. सकाळी घाईत चहा-खाखरा, दुपारी दोन-अडीच वाजेपर्यंत गिऱ्हाईक, मधल्या वेळेत चार-पाच कप साखरेचा चहा, मग डोळ्यांवर येईल असे जड जेवण. असा कित्येकांचा क्रम असतो. अशा क्रमात दिवसभर डोके जड राहते, चहामुळे रात्रीची झोप उडते आणि झोप उडाली की मन खचते. डबा वेळेवर उघडणे आणि दुपारनंतर चहा बंद करणे, या दोन गोष्टी कोणत्याही पौष्टिक पावडरीपेक्षा मोलाच्या आहेत.

तप आणि आजार यांतील भेद

आता या व्याख्यानातील सर्वांत नाजूक भाग. भूक मरणे हे नैराश्याचे एक प्रमुख लक्षण आहे. इतर समाजांत माणूस जेवेनासा झाला की घरातील लोक लगेच चौकशी करतात. जैन घरात मात्र तोच माणूस म्हणतो, ‘आज उपवास आहे.’ दुसऱ्या दिवशी म्हणतो, ‘एकासणे केले आहे.’ घरातील मंडळी हात जोडतात, अनुमोदना करतात, शाता विचारतात. त्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे कोणीच विचारत नाही. त्याने आजार लपविण्यासाठी तपाचा आधार घेतला, असेही म्हणता येणार नाही. कित्येकदा त्याचे त्यालाही ते कळलेले नसते.

म्हणून भेद कसा ओळखावा, हे प्रत्येक घराने जाणून घ्यावे. तपस्वी पचक्खाण घेतो, तपाची मर्यादा ठरवितो, पारण्याची वाट आनंदाने पाहतो. त्याचे मन मंदिरात, स्वाध्यायात, माणसांत रमते. शरीर कृश झाले तरी मुखावर समाधान असते. आजारी माणसाला ना पचक्खाणाचा उत्साह असतो, ना पारण्याचा. तो माणसे टाळतो, प्रतिक्रमणाला येणे सोडतो, अंथरुणात पडून राहतो किंवा रात्रभर जागतो आणि ‘मी कोणाच्या उपयोगाचा नाही’ असे बोलू लागतो. पहिल्याची अनुमोदना करावी. दुसऱ्याला डॉक्टरांकडे न्यावे. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत ऊनोदरी आणि रसत्याग यांना स्थान आहे, पण ते समजून-उमजून स्वीकारलेले असतात. आजाराने लादलेल्या उपाशीपणाला तपाचे नाव देणे हे तपाचाही अवमान करणारे आहे.

ज्यांच्यावर नैराश्याचा किंवा अन्य मानसिक आजाराचा उपचार चालू आहे, त्यांनी अठ्ठाई, वर्षीतप, आयंबिलाची ओळी यांपैकी काहीही आरंभण्यापूर्वी डॉक्टरांना आणि गुरुमहाराजांना, दोघांनाही सांगावे. आयंबिलात दूध-दही-तूप नसते, म्हणजे ब-१२ चा उरलासुरला मार्गही बंद होतो. दीर्घ ओळी करणाऱ्यांनी आधी रक्त तपासून घ्यावे. लिथियम नावाचे औषध घेणाऱ्यांनी तर पाण्याविना उपवास करूच नये, कारण शरीरातील पाणी कमी झाले की त्या औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. नैराश्यावरील पुष्कळ औषधे दिवसातून एकदाच घ्यावयाची असतात. चौविहार पाळणाऱ्यांना त्यांची वेळ दिवसा ठरवून देता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. पर्युषणात आठ दिवस गोळ्या परस्पर बंद करण्याचा प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा. या गोळ्या अचानक बंद केल्याने चक्कर, अस्वस्थता उद्भवते आणि आजार उलटण्याचा धोका असतो.

उपचाराची लाज नको

मधुमेहाची गोळी चारचौघांत घेणारा माणूस मनाच्या आजाराची गोळी कपाटात लपवितो. मुलीचे लग्न ठरणार नाही, बाजारात पत राहणार नाही, अशी भीती त्यामागे असते. या भीतीपायी कित्येक घरांत आजार वर्षानुवर्षे वाढू दिला जातो आणि मग कोणी बदाम सांगतो, कोणी केशराचे दूध सांगतो, कोणी दोष काढण्याचे उपाय सांगतो. बदाम आणि दूध अवश्य द्यावे. त्यासोबत डॉक्टरांचीही वेळ घ्यावी. आधी कुटुंबाच्या डॉक्टरांकडून ब-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडच्या मंदपणामुळेही मन खिन्न होते. गरज असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय आणि तलासरीचे ग्रामीण रुग्णालय येथेही पुढील उपचारासाठी विचारणा करता येते. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. नाव उघड होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखविले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

शेवटी एक छोटीशी विनंती. साधर्मिक भक्तीची परंपरा समाजात जिवंत आहे. तपस्व्याचे पारणे करविण्यासाठी घराघरांत चढाओढ असते. त्याच प्रेमाने, बरेच दिवस न दिसलेल्या, न जेवणाऱ्या, न बोलणाऱ्या एखाद्या साधर्मिकाच्या घरी डबा घेऊन जावे. नाचणीची गरम भाकर, मुगाची डाळ, थोडी कढी आणि वाडीतले चार चिकू त्यात असावेत. त्याच्याजवळ बसून जेवावे आणि जेवता जेवता विचारावे, ‘झोप लागते का?’ एवढ्या एका प्रश्नाने कित्येकांचे ओठ उघडतात. आहाराने मनाला बळ मिळते हे खरेच. आणि तो आहार कोणी आपुलकीने समोर बसून वाढला, तर उपचारापर्यंत चालत जाण्याचे बळही मिळते.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.